ब्राउझरला रेघ कशी ओढता आली

१९९० च्या दशकातल्या ब्राउझरला एकच रेघ येत असे, ती म्हणजे आडवी. ‘एचआर’ नावाची एक खूण होती. ती लिहिली की पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत खाचेसारखी एक करडी रेघ उमटायची. तिरकी रेघ येत नसे, वर्तुळ तर नाहीच नाही. उभी रेघ हवी असणारे लोक तक्त्यातल्या एखाद्या अरुंद रकान्याला काळा रंग देऊन वेळ मारून नेत.

चित्रं होती. मार्क अँड्रीसन याने १९९३ च्या फेब्रुवारीत ‘आयएमजी’ ही खूण सुचवली, त्याच वर्षी मोझॅक ब्राउझरात मजकुराच्या शेजारी चित्र दिसू लागलं आणि वेबचं नशीब फळफळलं. पण हे चित्र ठिपक्यांचं. या ठिपक्याला हा रंग, शेजारच्याला तो, असा हिशेब. चित्रात रेघ दिसत असली तरी ती रेघ आहे हे ब्राउझरला ठाऊक नसे.

हा फरक समजावायला जमिनीचा दस्त बरा. शेताचा फोटो काढून ठेवला तर तो मोठा करता करता फाटतो, फिकटतो, शेवटी नुसते चौकोन उरतात. दस्तात मात्र चतुःसीमा लिहिलेली असते: पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा, उत्तरेस गाडीवाट. तो कागद पोस्टकार्डाएवढा असो की भिंतीएवढा, हद्द तीच राहते. ठिपक्यांचं चित्र हा फोटो. आपण ज्याला व्हेक्टर म्हणतो ते चित्र म्हणजे चतुःसीमा, हद्द शब्दांत आणि आकड्यांत सांगितलेली. आकडेवारीचं चित्र काढायचं तर असाच दस्त हवा. आकडा बदलला की रेघ बदलली पाहिजे, आणि फोटोतली रेघ बदलत नसते.

तरी लोक थांबले नाहीत. एकाच ठिपक्याचं जीआयएफ चित्र घ्यायचं आणि ते हवं तितकं रुंद ताणायचं, ही त्या काळातली सर्रास चालणारी युक्ती. चाळीस मतांना चाळीस ठिपके, नव्वद मतांना नव्वद. झाला स्तंभालेख! पुढे वॉल्टर झॉर्न या जर्मन प्रोग्रॅमरने याहून चिकाटीचं काम केलं. त्याच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत वर्तुळ काढा म्हटलं की ती पानावर बारीक बारीक रंगीत चौकटी रचत जाई आणि लांबून पाहणाऱ्याला वर्तुळ दिसे. कमीत कमी चौकटींत ते कसं भागवायचं याचं गणितही त्याने नेटकं बसवलं होतं. आज हसू येतं. पण हातात फक्त विटा असलेल्या माणसाने घुमट बांधून दाखवावा, तशी ती कारागिरी होती.

खरी गंमत अशी की कागदाच्या जगाला हा प्रश्न आधीच सुटलेला होता. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये अडोबी काढली आणि १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट आणली. लेझर प्रिंटरला पान कसं उमटवायचं ते सांगणारी ही भाषा, आणि तिच्यात प्रत्येक अक्षर म्हणजे रेघांचं आणि वळणांचं वर्णन. ही वळणं मोटारीच्या कारखान्यांतून आलेली. रनोमध्ये पिअर बेझिए आणि सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो, दोघेही पत्र्याच्या बाकाला आकड्यांत बसवू पाहत होते. कास्तेल्जोचं काम १९५९ चं, म्हणजे आधीचं. पण कंपनीने ते कुलपात ठेवलं आणि वळणाला नाव मिळालं बेझिएचं. कल्पना सोपी आहे. दोरीची दोन टोकं दोन खुंट्यांना बांधायची. दोन माणसं लांब उभी राहून तिला आपापल्या दिशेला ओढतात. दोरी त्यांच्याकडे झुकते, पण हाताला लागत नाही. चार बिंदूंत अख्खं वळण सांगून होतं.

म्हणजे टेबलावरच्या प्रिंटरला वळण येत होतं आणि त्याच टेबलावरच्या ब्राउझरला येत नव्हतं. ही उणीव पहिल्यांदा भरली ती ब्राउझर बनवणाऱ्यांनी नव्हे. फ्यूचरवेव्ह नावाची छोटी कंपनी, तिच्यात जोनाथन गे नावाचा प्रोग्रॅमर. त्यांनी पेनने चालणाऱ्या संगणकांसाठी चित्रं काढायचं साधन बनवलं होतं. त्या संगणकांचा बाजार बसला, तेव्हा त्याच साधनाला हालचालीची जोड देऊन १९९६ मध्ये ‘फ्यूचरस्प्लॅश अ‍ॅनिमेटर’ आणलं. वर्ष संपता संपता मॅक्रोमीडियाने ते विकत घेतलं आणि नाव कापून छोटं केलं: फ्लॅश. ब्राउझरला फ्लॅशचा एक तुकडा बाहेरून जोडावा लागे, ज्याला प्लग-इन म्हणत. पण एकदा जोडला की रेघा धावत, वर्तुळं फुगत, अक्षरं वितळत. पुढची दहा-बारा वर्षं वेबवर हलणारं जे जे होतं, त्यातलं बहुतेक फ्लॅशचं होतं.

फ्लॅशबद्दल नंतर इतकं वाईट बोललं गेलं की त्याच्या बाजूने एक वाक्य लिहावंसं वाटतं. २००६ मध्ये हान्स रॉस्लिंग या स्वीडिश डॉक्टराने टेडच्या मंचावर देशांचे फुगे उडवत आयुर्मान, कुटुंबाचा आकार आणि उत्पन्न यांची चाळीसेक वर्षांची गोष्ट सांगितली. आकडेवारीकडे पाहण्याची लोकांची नजर त्या काही मिनिटांत बदलली. ते फुगे फ्लॅशमधले होते. २००२ मध्ये कोलकात्यातल्या पल्लव नधानी या सतरा वर्षांच्या मुलाने शाळेच्या कामासाठी एक्सेलचे आलेख वापरता वापरता कंटाळून स्वतःचे हलणारे आलेख बनवले आणि त्यातून फ्यूजनचार्ट्स ही कंपनी उभी राहिली. तीही फ्लॅशवरच.

फ्लॅशची खोट दुसरीकडे होती. त्याची फाइल म्हणजे बंद पेटी. आत काय लिहिलंय ते वाचता येत नसे, पानावरच्या बाकीच्या मजकुराशी तिचं देणंघेणं नसे, आणि किल्ली एकाच कंपनीच्या खिशात.

उघडी, वाचता येणारी, कुणाच्या मालकीची नसलेली रेघ हवी, हे वेबची मानकं ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमला कळत होतं. तिथे १९९८ च्या उन्हाळ्यात दोन प्रस्ताव एकमेकांसमोर येऊन ठाकले. एप्रिलमध्ये अडोबी, आयबीएम, नेटस्केप आणि सन यांनी पीजीएमएल मांडलं, म्हणजे पोस्टस्क्रिप्टचीच वेबसाठी शिवलेली आवृत्ती. मे महिन्यात मायक्रोसॉफ्ट, मॅक्रोमीडिया, ऑटोडेस्क, एचपी आणि व्हिझिओ यांनी व्हीएमएल पुढे केलं. दोन्ही बाजूंना बडी मंडळी, दोन्ही मसुदे वापरण्याजोगे. कन्सॉर्शियमने दोन्ही बाजूला ठेवले आणि क्रिस लिली यांच्या अध्यक्षतेखाली नवी समिती नेमून तिसरीच भाषा घडवायला घेतली. तिचं नाव स्केलेबल व्हेक्टर ग्राफिक्स, म्हणजे एसव्हीजी. १९९९ च्या फेब्रुवारीत पहिला मसुदा आला आणि ४ सप्टेंबर २००१ रोजी एसव्हीजी १.० अधिकृत शिफारस म्हणून जाहीर झालं. कित्येकशे पानांचा ग्रंथ.

समितीने बनवलेल्या गोष्टींना नावं ठेवायची आपल्याला सवय आहे, पण त्या ग्रंथातली ‘पाथ’ची लिपी पाहावी. ‘एम’ म्हणजे लेखणी उचलून इथे ठेव. ‘एल’ म्हणजे तिथपर्यंत सरळ ये. ‘सी’ म्हणजे वळण, ते बेझिएचं. ‘झेड’ म्हणजे जिथून निघालास तिथे परत ये. अक्षर मोठ्या लिपीतलं असेल तर अंतर चित्राच्या कोपऱ्यापासून मोजायचं, छोट्या लिपीतलं असेल तर लेखणी आत्ता जिथे आहे तिथून. संपलं. मोजणीदाराच्या टिपणवहीसारखी ही नोंद, आणि साध्या मजकुराच्या संपादकात हाताने लिहिता येते. चित्रातला प्रत्येक आकार हा पानावरच्या परिच्छेदासारखाच एक घटक. त्याला नाव देता येतं, रंग बदलता येतो, त्याच्यावर क्लिक ऐकता येतो. शिवाय चित्रातला मजकूर मजकूरच राहतो. आकृतीतलं ‘पर्जन्यमान’ हे देवनागरी लेबल निवडता येतं, शोधता येतं. त्या काळी मराठी संकेतस्थळं आपापल्या खासगी फाँटांच्या जंजाळात अडकली होती आणि मराठी मजकूर चित्र करून चढवण्यापर्यंत पाळी यायची. त्या काळच्या वाचकाला याची किंमत वेगळी सांगायला नको.

एवढं चांगलं साधन, मग अडलं कुठे?

अडलं ते त्याच वर्षी, आठवडाभर आधी. २००१ च्या ऑगस्टच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर ६ बाजारात आणला. पुढच्या काळात दहातले नऊ लोक हाच ब्राउझर वापरू लागले. प्रतिस्पर्धी उरला नव्हता, आणि मैदान रिकामं झाल्यावर पैलवान झोपतो तसं झालं. पुढची आवृत्ती आली थेट २००६ च्या ऑक्टोबरात. सहाव्या आवृत्तीला एसव्हीजी येत नव्हतं, सातवीलाही आलं नाही, आठवीलाही नाही. एक्स्प्लोररला रेघ येत होती, पण ती स्वतःच्या बोलीतली, म्हणजे १९९८ मध्ये कन्सॉर्शियमने बाजूला ठेवलेल्या व्हीएमएलमधली. मायक्रोसॉफ्टने ती १९९९ मध्येच आपल्या पाचव्या आवृत्तीत घालून टाकली होती.

एसव्हीजीला तोवर अडोबीचा आधार होता. तिच्या एसव्हीजी व्ह्यूअर या फुकट प्लग-इनमुळे एक्स्प्लोररमध्येही ही चित्रं दिसत. पण २००५ मध्ये अडोबीने मॅक्रोमीडियाच विकत घेतली आणि तिच्याबरोबर फ्लॅश घरात आला. दत्तक घेतलेल्या पोराचे लाड सुरू झाले, घरच्याकडे बघायला कुणी उरलं नाही. २००८ संपता संपता अडोबीने आपल्या व्ह्यूअरवरचा हात काढून घेतला. ज्या कंपनीने १९९८ मध्ये उघड्या रेघेचा आग्रह धरला होता, तीच आता बंद पेटी विकत होती. यात कपट शोधायची गरज नाही. कंपन्या जिथे पैसा आहे तिथे जातात. पण उघड्या मानकाचा सांभाळ एकाच कंपनीच्या उदारपणावर सोपवला की काय होतं, ते तेव्हा दिसलं.

दरम्यान अ‍ॅपलने तिसरीच वाट काढली. मॅकच्या डॅशबोर्डवरच्या घड्याळ-हवामानाच्या छोट्या खिडक्यांसाठी तिने २००४ मध्ये ‘कॅन्व्हस’ नावाची खूण आणली. कुणाला न विचारता एचटीएमएलमध्ये खूण घातली म्हणून तेव्हा बरीच आदळआपट झाली, पण मोझिला आणि ऑपेराने ती लवकरच उचलली. एसव्हीजी आणि कॅन्व्हस यांत लोक अजून गोंधळतात. कॅन्व्हस म्हणजे अंगणातली रांगोळी. हात चालेल तेवढ्या वेगाने काढा, हजारो ठिपके घाला. पण एकदा भुकटी पडली की त्यातलं एक फूल उचलून पलीकडे ठेवता येत नाही. तेवढा भाग पुसून पुन्हा काढायचा. एसव्हीजी म्हणजे पटावर मांडलेल्या सोंगट्या. प्रत्येक सोंगटी वेगळी, उचला, सरकवा, तिला विचारा तू कोण म्हणून. मात्र सोंगट्या दहा हजार झाल्या की पट जड होतो.

२००५ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्स १.५ आला तो एसव्हीजी आणि कॅन्व्हस दोन्ही पोटात घेऊन. प्लग-इनची गरज उरली नाही. पण दहातल्या नवांचं काय? त्याच वर्षी फेब्रुवारीत निघालेल्या गूगल मॅप्सने यावर दोन घरांचा संसार मांडला होता. तिथली रस्ता दाखवणारी निळी रेघ एक्स्प्लोररमध्ये व्हीएमएलने काढली जाई, तर इतरांसाठी ती सर्व्हरवर चित्र करून पाठवली जाई. गूगलला हे परवडलं. एकट्यादुकट्याने काय करावं?

त्याने दुभाषा शोधावा. या सगळ्या गोष्टीत मला सर्वांत आवडते ती ही दुभाष्यांची पिढी. त्यांच्या नावाने पुरस्कार नाहीत, आणि त्यांचं काम संपलं ते त्यांच्याच यशामुळे. डोजो या जावास्क्रिप्ट साधनसंचात असा एक थर आधीच होता. खरी लोकप्रियता मिळाली ती २००८ मध्ये आलेल्या राफाएल या लायब्ररीला. तिचा कर्ता दिमित्री बारानोव्हस्की तेव्हा सिडनीत अ‍ॅटलासियनमध्ये काम करत होता. तुम्ही जावास्क्रिप्टमध्ये एका ओळीत वर्तुळ मागायचं. समोर फायरफॉक्स असेल तर राफाएल ते एसव्हीजीत सांगे, एक्स्प्लोरर असेल तर व्हीएमएलमध्ये. गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नसे. ऐकायला सोपं, पण दोन्ही बोलींत कोन मोजायची, रेघेची जाडी सांगायची, अक्षर टेकवायची रीत वेगळी. कुठे काय जुळतं आणि कुठे थाप मारून न्यावं लागतं, हे सगळं त्या एका माणसाने पोटात घेतलं.

जावास्क्रिप्ट वरच्या परिच्छेदात किती सहज आली! ब्रेंडन आइकने नेटस्केपमध्ये १९९५ च्या मे महिन्यात दहा दिवसांत तिचा पहिला साचा बांधला होता आणि कितीतरी वर्षं ती फॉर्ममधली चूक दाखवण्यापुरती खेळण्यातली भाषा मानली जाई. २००८ मध्ये क्रोम आला, ब्राउझरांमध्ये वेगाची शर्यत लागली आणि ही भाषा अचानक धावू लागली. जॉन रेसिगने त्याच वर्षी मे महिन्यात, एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये बेन फ्राय आणि केसी रीस यांनी २००१ पासून घडवलेली प्रोसेसिंग ही चित्रभाषा थेट जावास्क्रिप्टमध्ये उतरवून कॅन्व्हसवर चालवून दाखवली. तोवर असलं काम प्लग-इनशिवाय होईल असं फारसं कुणाच्या मनात नव्हतं.

नॉर्वेच्या पश्चिमेला वीक नावाचं गाव आहे. तिथल्या टोर्स्टाइन हॉन्सीच्या कुटुंबाचं डोंगरावर एक लाकडी घर. डोंगरावर बर्फ किती साचलं याची मोजमापं आपल्या संकेतस्थळावर आलेखात दाखवावीत, एवढीच त्याची गरज होती. हवं तसं साधन मिळेना, म्हणून त्याने स्वतः लिहिलं आणि २००९ च्या अखेरीस हायचार्ट्स बाहेर पडलं. तेही दुभाषी, नव्या ब्राउझरला एसव्हीजी, जुन्याला व्हीएमएल. बर्फाच्या आलेखातून निघालेलं हे साधन पुढे जगभरच्या बँकांच्या आणि कार्यालयांच्या पडद्यांवर जाऊन बसलं. कोलकात्याच्या फ्यूजनचार्ट्सनेही वारं ओळखलं. फ्लॅशवर वाढलेली ती कंपनी जावास्क्रिप्टकडे वळली आणि राफाएलचीच एक शाखा काढून आपल्या आलेखांखाली घातली.

वारं फिरलं होतं ते खिशातल्या फोनमुळे. २००७ च्या आयफोनमध्ये फ्लॅश नव्हतं, २०१० च्या आयपॅडमध्येही नाही. त्या वर्षी २९ एप्रिलला स्टीव्ह जॉब्सने जाहीर पत्र लिहून कारणं दिली: बंद तंत्रज्ञान, बॅटरी खाणं, बोटाच्या स्पर्शासाठी न बनलेलं असणं. स्वतःच्या दुकानाला चारही बाजूंनी कुंपण घातलेल्या माणसाने खुलेपणावर प्रवचन द्यावं याची गंमत तेव्हाही अनेकांना वाटली. पण पत्रातली निदानं बरीचशी बरोबर होती. त्याच जानेवारीत मायक्रोसॉफ्ट निमूटपणे एसव्हीजीच्या समितीत दाखल झाली होती. मार्च २०११ मध्ये एक्स्प्लोरर ९ आला आणि त्याला एसव्हीजी येत होतं. शिफारस जाहीर झाल्यापासून साडेनऊ वर्षांनी.

याच सुमारास स्टॅनफर्डमध्ये जे घडलं, त्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

तिथला जेफ्री हियर हा संशोधक आकडेवारीच्या चित्रांची साधनं बनवत आला होता. आधी जावात प्रिफ्यूज, मग फ्लॅशच्या भाषेत फ्लेअर. २००९ मध्ये त्याचा विद्यार्थी माइक बोस्टॉक याच्याबरोबर त्याने प्रोटोव्हिस आणलं, ते जावास्क्रिप्टमध्ये. ते सुबक होतं. स्तंभ, रेघ, फाक असे तयार आकार, त्यांना आकडे दिले की चित्र तयार. पण प्रोटोव्हिस स्वतःचं एक छोटं जग पानाच्या आत उभं करी. काही चुकलं तर ब्राउझरची दुरुस्तीची हत्यारं त्या जगात चालत नसत. पानाचं रूप ठरवणारी स्टाइलशीटही त्याच्या दारात अडे.

बोस्टॉकने मग स्वतःचीच इमारत पाडली. २०११ मध्ये वदिम ओगिएवेत्स्की आणि हियर यांच्यासह त्याने डी-थ्री ही लायब्ररी मांडली. नावाचा अर्थ आकड्यांनी चालणारे दस्तऐवज. त्यातली धाडसाची गोष्ट अशी की डी-थ्रीकडे स्वतःची रेघच नाही. तिला ना स्तंभालेख ठाऊक, ना वर्तुळ. पानावरचे घटक आणि तुमचे आकडे यांची गाठ बांधणं एवढंच मूळ काम ती करते. रेघ ब्राउझरची, रंग स्टाइलशीटचा. आणि जुन्या एक्स्प्लोररसाठी दुभाषा ठेवायचा नाही. ज्याला एसव्हीजी येत नाही त्याने आपलं पाहावं. दोन वर्षांपूर्वी असं म्हणणारा वेडा ठरला असता.

ही गाठ कशी, ते शिकताना भलेभले अडखळतात. डी-थ्रीचा कुठलाही पहिला धडा उघडा: रिकाम्या पानावर उभं राहून प्रोग्रॅम म्हणतो, “इथली सगळी वर्तुळं निवडा.” एकही वर्तुळ नसतं. मग म्हणतो, “त्यांना हे आकडे द्या.” कुणाला देणार?

पंगत आठवली की उलगडतं. आकडे म्हणजे पाहुणे, वर्तुळं म्हणजे मांडलेली पानं. यजमान दारात उभा राहून पाहुण्यांची यादी आणि पंगत ताडून पाहतो. तीन गट पडतात. काही पाहुणे आलेत पण त्यांना पान नाही, त्यांच्यासाठी पान मांडा. याला डी-थ्रीत ‘एंटर’ म्हणतात. काही बसलेलेच आहेत, त्यांना हवं नको विचारा, हे ‘अपडेट’. आणि काही पानांवरचा पाहुणा उठून गेला, ती पानं उचला, हे ‘एक्झिट’. पहिल्या क्षणी पंगत रिकामी असणारच, म्हणजे सगळेच ‘एंटर’मध्ये. यादी बदलली की यजमान पुन्हा तोच हिशेब करतो. आणखी एक बारकावा आहे. कुठलं पान कुणाचं हे नावाने ठरवायचं की बसल्या क्रमाने? काही सांगितलं नाही तर डी-थ्री क्रमाने धरते. मग मधला एक उठला की पुढचा प्रत्येक जण एकेक पान सरकतो आणि शेजाऱ्याच्या उष्ट्यावर जाऊन बसतो. पडद्यावर त्याचा परिणाम असा दिसतो की कोल्हापूरचा स्तंभ साताऱ्याच्या जागी घरंगळत जातो. नावाने बांधलं की कोल्हापूर कोल्हापूरच राहतं. डी-थ्री शिकणाऱ्या प्रत्येकाने हे उष्टं एकदा तरी खाल्लेलं असतं. प्रस्तुत लेखक अपवाद नाही.

बोस्टॉक पुढे न्यूयॉर्क टाइम्सच्या ग्राफिक्स विभागात गेला आणि विद्यापीठातलं साधन बातमीच्या धबडग्यात आलं. २०१२ च्या नोव्हेंबरात, अमेरिकी अध्यक्षाच्या निवडणुकीच्या तोंडावर, त्याने आणि शान कार्टरने ‘व्हाइट हाउसकडे जाणाऱ्या ५१२ वाटा’ हे चित्र केलं. निकाल ठरवणारी राज्यं नऊ, प्रत्येकात दोन शक्यता. दोनाचा नववा घात ५१२. वाचकाने एखादं राज्य ओबामांच्या किंवा रॉम्नींच्या पदरात टाकावं आणि फांद्या गळताना पाहाव्यात. आपल्याकडे चहाच्या टपरीवर जे गणित तोंडी चालतं, तेच तिथे डोळ्यांसमोर झाडासारखं उभं होतं. हे सगळं प्लग-इनशिवाय, उघड्या रेघांनी. वर्तमानपत्रांच्या ग्राफिक्स विभागांत फ्लॅशचे दिवस भरले होते. अडोबीने २०१७ च्या जुलैमध्ये तारीख जाहीर केली, ३१ डिसेंबर २०२० ला आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअर स्वतःच चित्र दाखवायला नकार देऊ लागला.

डी-थ्रीची नंतरची गोष्ट लवकर सांगून होते. २०१६ च्या चौथ्या आवृत्तीत तिचे सुटे सुटे भाग झाले, आणि कॅन्व्हसवर काढणंही सोपं झालं. हियर तोवर वॉशिंग्टन विद्यापीठात गेला होता. तिथे त्याच्या गटाने व्हेगा आणि व्हेगा-लाइट बनवलं, ज्यात चित्र कसं काढायचं ते न सांगता काय हवं तेवढं लिहायचं. सामान्य वापरासाठी ते जास्त सोयीचं आहे, हे डी-थ्रीच्या चाहत्यांनी मान्य करायला हरकत नाही.

आपल्याकडे हे सारं घरोघर पोहोचलं ते वाईट कारणाने. मार्च २०२० मध्ये काही स्वयंसेवकांनी कोविड-नाइन्टीन-इंडिया हे संकेतस्थळ उभं केलं. राज्यांची आरोग्य खाती रोज आकडे देत, ही मंडळी ते वेचून एका तक्त्यात उतरवत, आणि पडद्यावर भारताचा नकाशा जिल्ह्याजिल्ह्याने रंगत जाई. त्या नकाशाच्या हद्दी डी-थ्रीच्या भूगोलाच्या भागातून काढलेल्या होत्या आणि सगळी संहिता कुणालाही वाचायला उघडी होती. महाराष्ट्र त्यात सगळ्यांत गडद. मुंबई-पुण्यातच नव्हे, तर दुबई आणि न्यू जर्सीतली मराठी माणसंही झोपण्याआधी एकदा तो नकाशा उघडून आपल्या जिल्ह्यावर बोट ठेवत. बोट ठेवलं की जिल्हा उजळे, आकडा पुढे येई. उजळायला तो जिल्हा वेगळा घटक असावा लागतो, फोटोतला ठिपका असून भागत नाही. ३१ ऑक्टोबर २०२१ ला स्वयंसेवकांनी ते काम थांबवलं.

पुढच्या निवडणुकीच्या निकालाला संगणकावर एखाद्या वृत्तपत्राचा नकाशा उघडाल, तेव्हा आपल्या मतदारसंघावर माउसचं उजवं बटण दाबून ‘इन्स्पेक्ट’ निवडा. चित्र एसव्हीजीचं असेल तर शेजारच्या चौकटीत ‘पाथ’ नावाची एक लांबलचक ओळ निळी होईल. ती ‘एम’पासून सुरू होते. वाचत ‘झेड’पर्यंत जा, आपल्या मतदारसंघाची चतुःसीमा तिथे लिहिलेली आहे.